घरच्या घरी टो आणि कॅम्बर मोजणे: ओळंबा, दोरी आणि स्टीलची पट्टी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गेले तीन रविवार पार्किंगमध्ये गाडीखाली वाकून चाकांची मापं घेतोय, ते सगळं इथं लिहून ठेवतो. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं पुढच्या बाजूला किती वळलीत ते, आत वळलेली असली तर टो-इन, बाहेर असली तर टो-आउट. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक किती कललंय ते. ज्यांच्या गाडीचे टायर एका कडेनं खाल्ले जातायत त्यांना उपयोग होईल असं मनापासून वाटतं.

गाडी साधी हॅचबॅक. पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), मागं ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम), टायर १८५/६५ आर १५. पुढचे दोन्ही टायर १४ हजार किमीतच आतल्या कडेनं गेले. बाहेरून बघितलं तर नक्षी चांगली दिसायची म्हणून कळलंच नाही, पंक्चर काढायला चाक खाली उतरवलं तेव्हा आतली कड पार गुळगुळीत. एका दुकानात चाकांच्या अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली तर स्क्रीनवर सगळं हिरवं, चार दिवसांनी दुसऱ्या दुकानात नेली तर तिथं लाल, आणि सांगितलं की कॅम्बर गेलाय, जॅक लावून स्ट्रट दाबून आणावा लागेल, एका बाजूचे बाराशे. स्ट्रट वाकवायचा म्हटल्यावर मन तयार होईना. दोन मशीनवर दोन निकाल येत असतील तर आधी आपलं आपण मोजून बघू असं ठरवलं.

सगळ्यात पहिली तपासणी फुकट आहे. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेनं मऊ लागलं आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचलं तर टो बिघडलाय. धारदार टोकं बाहेरच्या बाजूला असतील तर टो-आउट, आतल्या बाजूला असतील तर टो-इन. नुसत्या कॅम्बरनं झीज होते तेव्हा कड गुळगुळीत उतरत जाते, असे दाते सहसा पडत नाहीत. माझ्या टायरला दाते होते, बाहेरच्या बाजूला. म्हणजे कॅम्बरवर संशय घ्यायच्या आधीच टायर स्वतः सांगत होता.

मग टो मोजला. गाडीच्या खालून टेप सरळ जात नाही, मध्ये इंजिन आणि सबफ्रेम येते, म्हणून गवंड्याचा ओळंबा वापरला. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या अंगाला, बरोबर हबच्या उंचीवर, नक्षीच्या मधोमध खडूनं बारीक खूण केली, हात आत घालून खुणेवर दोरा धरला आणि ओळंबा जिथं टेकला तिथं जमिनीवर पेन्सिलीनं टिंब. मग गाडी ढकलत पुढं नेली, चाकाचा बरोबर अर्धा फेरा (जवळपास ९७ सेंमी), म्हणजे त्याच खुणा आता टायरच्या पुढच्या अंगाला आल्या. परत ओळंबा, परत टिंबं. गाडी बाजूला घेतली आणि टिंबांमधली अंतरं मोजली. मागं १४५२ मिमी, पुढं १४५७. पाच मिमी टो-आउट! चार वेळा केलं, फरक अर्ध्या मिमीच्या वर गेला नाही.

तीच खूण फिरवून दोन्हीकडे वापरायची ही यातली खरी मेख आहे. रिम थोडी वाकडी असली, टायर थोडा डुगडुगत असला तरी खूण तीच असल्यामुळं तो दोष दोन्ही मापांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. आणि गाडी ढकलायची ती पुढंच, उलटी ढकलली की चाकं वेगळ्या ताणाखाली बसतात आणि माप बदलतं.

कॅम्बरचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, ते जरा मोठं आहे.

पंचगंगा

वा, मस्त लिहिलंय. आमच्याकडं ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली, वडील अजून बांबूच्या काठीनं टो-इन बघतात. काठी मागच्या बाजूला दोन रिमच्या मध्ये बरोबर बसेल एवढी कापायची आणि तीच पुढच्या बाजूला आणून लावायची, टो-इन असलं तर काठी बसत नाही, जेवढी अडते तेवढा टो. ते सगळं सुतात बोलतात, "एक सूत आत पाहिजे". एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीच्या जरा वर. मी लहानपणी पाना धरून बसायचो, पण हे मोजतात कशासाठी ते आज तुमच्यामुळं नीट कळलं.

एक विचारायचं होतं, ५ मिमी म्हणजे नेमकं किती वाईट? ऐकायला तर काहीच वाटत नाही.

कृष्णाकाठ

दादा, हिशोब करून बघा. टायरचा व्यास साधारण ६२० मिमी. ५ मिमी दोन चाकांत वाटला तर एका चाकाला अडीच, आणि अडीच भागिले ६२० म्हणजे चाक एक किलोमीटर पुढं जाताना ४ मीटर आडवं घासत जातं. १४ हजार किमीला ५६ किलोमीटर! सातारा ते कराड एवढं अंतर टायर जवळपास आडवा फरपटत गेला. हा आकडा काढला तेव्हा मलाच वाईट वाटलं, चांगले महागाचे टायर होते.

आता कॅम्बर. इथं जमीन आडवी येते. टो मोजताना फरशीला उतार असला तरी चालतं कारण आपण वजाबाकी करतो, पण कॅम्बर म्हणजे चाक उभ्या रेषेपासून किती कललंय ते, मग फरशीच कललेली असली तर सगळंच चुकतं. आणि पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार ठेवलेलाच असतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमचं चौकोनी सेक्शन कापून आणलं, त्याला दोन सारख्या उंचीचे बोल्ट बसवले, म्हणजे ते रिमच्या वरच्या आणि खालच्या काठाला टेकतात आणि खाली टायरचा फुगवटा मध्ये येत नाही. त्यावर डिजिटल अँगल गेज. डावं चाक आलं अधिक ०.१५ अंश, उजवं उणे १.१५ (अधिक म्हणजे चाकाची वरची बाजू बाहेर कललेली, उणे म्हणजे आत). बघून धस्स झालं, दुकानदार खरं बोलत होता की काय.

ओळंबा_नाशिक

थांबा थांबा, आधी नळीनं लेव्हल बघा! मी बांधकामातला माणूस, आमच्याकडं पाच-सहा मीटर पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक डाव्या चाकाशी आणि एक उजव्या चाकाशी उभं धरायचं. पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला उभं राहतं, मग जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची दोन्हीकडं मोजा, जो फरक येईल तो उतार. स्पिरिट लेव्हलपेक्षा हे भरवशाचं, कारण लेव्हल फूट-दोन फुटांतलंच सांगते आणि फरशी मध्ये कुठंतरी बसलेली असू शकते. दीड मीटरला १ अंश म्हणजे २६ मिमी, इतका उतार डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

कृष्णाकाठ

नाशिककर, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच नळी आणली. उजवी बाजू १९ मिमी वर! १४५२ मिमीला १९ म्हणजे पाऊण अंश. गाडी डावीकडं पाऊण अंश कललेली होती, म्हणून डाव्या चाकातून ०.७५ वजा करायचे आणि उजव्यात मिळवायचे. खरा कॅम्बर डावा उणे ०.६, उजवा उणे ०.४. दोन्ही अगदी ठीक, एवढा उणे कॅम्बर खूप गाड्यांना कंपनीतूनच असतो. स्ट्रट वाकवला असता तर चांगली गाडी बिघडवून बसलो असतो.

खात्री करायला अजून एक केलं. गाडी तशीच वळवून, तोंड उलट्या दिशेला करून, पुढची चाकं बरोबर त्याच दोन जागांवर आणली आणि परत वाचलं. डावा उणे १.३५, उजवा अधिक ०.३५. दोन्ही वेळची सरासरी काढली की डावा उणे ०.६ आणि उजवा उणे ०.४, नळीनं काढला होता तोच आकडा. ज्यांच्याकडं नळी नाही त्यांनी एवढं केलं तरी पुरे, फरशीचा दोष आपोआप कटतो.

डेक्कनचा_ड्रायव्हर

धागा आवडला, पण एक बाजू मांडतो. मी काही वर्षं ३डी मशीनवर काम केलंय. मशीन सहसा चुकत नाही, घाई चुकते. चाकांना क्लॅम्पनं टार्गेट लावतात आणि समोरचे कॅमेरे ते बघतात. क्लॅम्पचं एक बोट रिमवर नीट बसलं नाही तरी आकडा हलतो, तो दोष काढायला गाडी थोडी मागंपुढं ढकलायची असते, गर्दीच्या वेळी काही जण ते उरकतात. हवेचं प्रेशर चारही चाकांत बघायलाच हवं, पुढच्या चाकांखालच्या फिरत्या टर्न प्लेटच्या पिना काढायच्या राहिल्या तर चाक मोकळं होत नाही, आणि कॉम्प्युटरवर मॉडेल दुसरंच निवडलं तर जे लाल असायला हवं ते हिरवं दिसतं. तुम्हाला दोन दुकानांत दोन निकाल मिळाले ते यातल्याच कशामुळं तरी.

म्हणून सगळ्यांना सांगणं आहे की रंग बघू नका, आकडे बघा, आणि कामाच्या आधीचा व नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्या. आकडे वाचताना एका ठिकाणी लोक नेहमी फसतात. काही मशीन अंश आणि मिनिटं दाखवतात, काही दशांशात. ०.१० अंश म्हणजे ६ मिनिटं, आणि १० मिनिटं म्हणजे ०.१७ अंश, एकच समजून घोळ होतो. शिवाय टो एका चाकाचा लिहिलाय का दोन्हीचा मिळून, तेही बघा. तुमचा ५ मिमी टायरच्या व्यासावर म्हणजे एकूण जवळपास २८ मिनिटं, तो कुठल्याही मशीनवर लाल यायलाच पाहिजे होता.

सह्याद्री_राणी

मला एक शंका आहे. माझी गाडी सरळ रस्त्यावर चालते पण स्टिअरिंग थोडं उजवीकडं वळलेलं राहतं, लोगो तिरका दिसतो. अलाइनमेंट करून आणली तरी तसंच. शिवाय हात सोडले की गाडी हळूहळू डावीकडं जाते. दोन्ही एकाच कारणामुळं होतंय का?

कृष्णाकाठ

ताई, माझंही स्टिअरिंग उजवीकडं तिरकं होतं, त्याचं कारण दोरीनं सापडलं. ओळंब्यानं एकूण टो कळतो, कुठल्या चाकाचा किती ते कळत नाही, त्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोरी ताणायची. चार घोड्या नाहीतर चार जड कुंड्या, त्यांच्यात गवंड्याची लाइनदोरी. चाकाच्या मधल्या टोपीपासून दोरीचं अंतर डावीकडं आणि उजवीकडं सारखं आलं पाहिजे, पुढच्या चाकांचं एकमेकांशी आणि मागच्यांचं एकमेकांशी. पुढचं आणि मागचं मात्र एकसारखं येईलच असं नाही, बऱ्याच गाड्यांची पुढची आणि मागची रुंदी वेगळी असते, तिथं सारखं करत बसलात तर दोरी तिरकी होईल. हे जुळवण्यात माझा पाऊण तास गेला. मग स्टिअरिंग सरळ बांधून ठेवायचं आणि स्टीलच्या पट्टीनं रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठापासून दोरीपर्यंत मोजायचं.

माझ्या उजव्या चाकात फरक शून्य आणि डाव्यात साडेतीन मिमी बाहेर. टायरवर ५ आणि इथं साडेतीन कसे? कारण हे माप रिमवर घेतलंय, १५ इंची रिम काठाशी साधारण ४१६ मिमी असते, अंतर कमी म्हणून मिमी कमी, कोन तोच. आणि सगळा दोष एकट्या डाव्या चाकाचा असला तरी चालताना दोन्ही चाकं तो वाटून घेतात, म्हणून दोन्ही टायर सारखेच झिजले आणि स्टिअरिंग उजवीकडं धरूनच गाडी सरळ जायची. मागच्या चाकांत प्रत्येकी १ मिमी टो-इन, दोन्हीकडं सारखा, तिथं काही काम नव्हतं.

कारणही आठवलं. टायर घालायच्या थोडं आधी एका गॅरेजमध्ये डावा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बदलला होता, आटे मोजून बसवला आणि अलाइनमेंट काही केलं नाही. मीही विचारलं नाही.

डेक्कनचा_ड्रायव्हर

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. स्टिअरिंग तिरकं असणं आणि गाडी ओढणं ही दोन वेगळी दुखणी. नुसत्या टोनं गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही. ओढते ती डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कॅस्टरमध्ये (चाक ज्या अक्षावर वळतं तो बाजूनं बघितल्यावर किती मागं-पुढं कललाय ते) अर्ध्या अंशाच्या वर फरक असला तर, किंवा ब्रेक धरत असला, हवा कमी असली, किंवा टायरच शंकूसारखा झाला असला तर. आपण डाव्या बाजूनं चालतो आणि रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असतो, त्यामुळं थोडं डावीकडं जाणं अगदी साहजिक आहे. आधी हवा सारखी करा आणि पुढचे दोन टायर डावीकडचा उजवीकडं असे बदलून बघा. ओढ पण बाजू बदलली तर दोष टायरचा, ॲलाइनमेंटवर परत पैसे घालू नका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र असं बदलता येत नाही.

पंचगंगा

कॅस्टर घरी मोजता येतो का?

कृष्णाकाठ

येतो, पण मला पटलं नाही. चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर वाचायचा, मग २० अंश आत वळवून परत वाचायचा, दोन्हीतला फरक गुणिले साधारण दीड म्हणजे कॅस्टर. यात गेजची चूक पण दीडपट होते, आणि २० अंश बरोबर वळलंय की नाही ते बघायला टर्न प्लेट लागते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅस्टर बदलायची सोयच नसते. डावं-उजवं खूप वेगळं आलं तर काहीतरी वाकलंय एवढं कळेल, त्यापुढं नाही. टो घरच्या सामानानं बिनधास्त मोजा, कॅम्बर काळजीपूर्वक मोजा, कॅस्टर मशीनवर सोडा.

ओळंबा_नाशिक

मग तुम्ही टो सेट पण घरीच केला?

कृष्णाकाठ

हो. पण पाना लावायच्या आधी चाक उचलून हलवून बघितलं. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर खडखड असेल तर टाय रॉड किंवा रॅक एंड, बारा आणि सहाला असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट टिकतच नाही, पहिल्या खड्ड्यात जातं. माझे सांधे घट्ट होते. आणि कृपा करून नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, घोडी लावा, मागच्या चाकांना दगड लावा.

माझ्या गाडीत स्टिअरिंग आर्म (टाय रॉड चाकाला जिथं जोडतो तो हात) ॲक्सलच्या मागं आहे, त्यामुळं टाय रॉड लांब केला की चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि टो-इन होतं. ज्यांच्यात आर्म पुढं आहे त्यांना उलट. चेक नट सोडायच्या आधी पांढऱ्या रंगानं खूण केली, आटे दीड मिमीचे, आर्म १३० मिमीच्या आसपास, हिशोबानं पाऊण फेऱ्याला जरा कमी आलं. पाऊण फेरा फिरवला, टाय रॉडवरचा रबरी बूट पीळ न पडता सोडवून घेतला, नट आवळला. मग गाडी खाली घेऊन पुढून चार-पाच वेळा दाबली आणि दहा-बारा मीटर चालवून आणली. हे विसरू नका, जॅकवरून उतरवलेल्या गाडीची चाकं आत खेचलेली राहतात आणि लगेच मोजलं तर भलतंच माप मिळतं. परत ओळंबा. मागं १४५४.५, पुढं १४५४. अर्धा मिमी टो-इन. माझ्या मॅन्युअलमध्ये शून्य अधिक-उणे २ मिमी आहे.

नंतर मशीनवर नेली आणि दोन्ही आकडे कागदावर मागितले. एकूण टो-इन ४ मिनिटं आला. माझा अर्धा मिमी म्हणजे पावणेतीन मिनिटं, घरच्या दोरीनं एवढं जुळलं याचा खूप आनंद झाला.

मांडवी

वाचनखूण साठवली. आमच्या गोव्यातल्या घराला चिऱ्याचं अंगण आहे, तिथं तर काहीच समतल नाही. आणि चाक जागेवर फिरवलं की टायर जमिनीला चिकटून राहतो, मग माप कसं खरं येणार?

ओळंबा_नाशिक

मांडवी, चारही चाकांखाली उरलेल्या फरश्या ठेवा आणि नळीनं बघून खाली पत्र्याचे तुकडे, प्लायच्या पट्ट्या घालत चारही एका पातळीत आणा. एकदा केलं की प्रत्येक जागेचा हिशोब भिंतीवर लिहून ठेवा, पुढच्या वेळी दहा मिनिटांत होईल. फरशी पूर्ण टेकलेली पाहिजे, खाली पोकळ राहिली तर गाडी चढताच तुटते.

कृष्णाकाठ

४ हजार किमी झाले, म्हणून परत आलो. पुढं नवीन टायर टाकले होते, डेप्थ गेजनं आतली, मधली आणि बाहेरची खाच मोजली, तिन्हीत फरक ०.१ मिमीच्या आत. तळहात दोन्ही दिशांनी मऊ फिरतो. स्टिअरिंग सरळ आहे.

मांडवी, टायर चिकटतो त्यावर मी केलं ते सांगतो. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरश्या, चकाकणारी बाजू चकाकणाऱ्या बाजूला, मध्ये ग्रीसचा पातळ थर. गाडी चढवताना वरची फरशी निसटते म्हणून कुणाला तरी पायानं अडवून धरायला लावू नका, मागं लाकडी फळी टेकवून ठेवा आणि चढल्यावर काढून घ्या. साधं चेसिस ग्रीस चालतं.